दिव्याचं मशीन

मन्मथअप्पाचा अर्धा आवाज मिशीतच अडकायचा. बाजारात त्यानं वांग्याचा भाव विचारला की भाजीवाली कान पुढं करून "काय म्हनलाव?" म्हणायची, आणि दुसऱ्यांदा विचारायच्या भानगडीत न पडता अप्पा पुढच्या टोपलीकडं सरकायचा. तारेशी, होल्डरशी, फ्यूजशी बोलावं लागत नाही म्हणूनच यानं वायरमनकी धरली, असं त्याचा मॅनेजर दत्तराव चारचौघांत हसून सांगायचा. जिंतूर रोडवर कापूस जिनिंगची एक सहकारी संस्था होती. तिथं सरकीच्या धुळीत आणि मोटारींच्या घरघरीत अप्पाची उमर चालली होती.

त्याची बायको महादेवी त्याच संस्थेत टेलिफोन ऑपरेटर होती. आधीचा ऑपरेटर नांदेडला बदलून गेला तेव्हा चेअरमन दिनकररावांनी अप्पालाच विचारलं, "तुमच्या घरातून मॅट्रिक झाल्यात ना? बसतील का बोर्डावर?" महादेवी बसली. तिचा आवाज असा खणखणीत की पालमहून पोस्टातून ट्रंक कॉल लावणारा शेतकरीसुद्धा तिच्याशी बोलताना सरळ बसायचा. वर्षा-दोन वर्षांत हापिसातला माणूस न् माणूस तिला ओळखायला लागला आणि अप्पाची ओळख 'ऑपरेटरबाईंचे मिस्टर' अशी झाली. कानामागून आली आणि तिखट झाली, असं लोक गमतीनं म्हणायचे. अप्पाही हसायचा, पण नंतर त्याला जेवण जायचं नाही.

जुना बोर्ड म्हणजे भिंतीला टेकलेलं एक लाकडी कपाट. हापिसातल्या प्रत्येक टेबलाच्या फोनसाठी त्यावर एक-एक पितळी झाकण होतं. कुणी आपल्या टेबलावर रिसीव्हर उचलला की त्याच्या नंबरचं झाकण खाली पडायचं. महादेवी त्या भोकात दोरीची खुंटी घालायची, हेडफोनमध्ये "बोला" म्हणायची आणि ज्याला ज्याच्याशी बोलायचं त्याची जोडणी करून द्यायची. दोन्ही कानांवर काळे जाड हेडफोन, नजर झाकणांवर. तिच्या हातून जोडणी चुकली असं कधी झालं नाही.

आता घरातलं सांगतो. नवरा-बायकोनं एकमेकांचं नाव घ्यायचं नाही ही त्या पिढीची रीत. तो तिला "ऐकलं का?" म्हणायचा, ती त्याला "अवो." लिंगायतांच्या घरात तर तिची आणखी पंचाईत. कपिलधारच्या स्वामींचं नाव आणि नवऱ्याचं नाव एकच, त्यामुळं देवापुढं बसली तरी ती नुसतं "आमचे स्वामी" म्हणून नमस्कार करायची. त्या काळी हजारो घरांत बायकोचं नाव 'ऐकलं का' हेच होतं आणि कुणाचं काही अडत नव्हतं.

अप्पाचं अडलं. तीनेक वर्षांपासून तो "ऐकलं का?" म्हणायचा आणि चुलीपुढची पाठमोरी महादेवी हलायची नाही. पुन्हा म्हणायचा. भाकरी थापल्याचा आवाज तेवढा चालू. तिसऱ्यांदा म्हणण्याचा त्याचा स्वभावच नव्हता. हीच बाई हापिसात चेअरमननं केबिनमधून हळूच सांगितलेला नंबरसुद्धा पहिल्या फटक्यात लावते, हे तो रोज बघत होता. मग घरीच कसं ऐकू येत नाही? सायबाचं येतं, आपलं येत नाही. खुर्ची मिळाली, माणसं 'बाई, बाई' करायला लागली, तेव्हा वायरमन नवऱ्याचं कशाला ऐकायचं, असा त्यानं अर्थ लावला आणि तो मनात घट्ट धरून बसला. गरिबी माणूस सोसतो, उन्हाळा सोसतो. बायकोनं आपल्याला मोजणं सोडलं हे सोसत नाही. एकुलती मुलगी उमा पालमला दिलेली, म्हणजे मध्ये बोलायलाही कुणी नाही. अप्पानं हाक मारणंच बंद केलं. तांब्या हातानं घ्यायचा, ताट हातानं वाढून घ्यायचा, जेवून उठायचा.

अशात नवीन मशीनचं निघालं. बोर्डाच्या दोऱ्या विरल्या होत्या, झाकणं अडकायला लागली होती आणि दिनकररावांनी औरंगाबादला कुठल्याशा बँकेत ऑटोमॅटिक एक्स्चेंज पाहिलं होतं. टेबलावरच्या फोनवरून दोन आकडे फिरवले की थेट दुसऱ्या टेबलाची घंटी. मध्ये दोरी नको, खुंटी नको. परभणीत तेव्हा या मशीनला कुणी इंटरकॉम म्हणे, कुणी इपीबॅक्स, आणि संस्थेचा शिपाई आश्रुबा 'लाटसायबाची पेटी' म्हणायचा.

कंपन्यांची माणसं येऊन तीन नमुने दाखवून गेली. एक पूर्ण ऑटोमॅटिक, बाहेरचा फोन आला तरी कारकुनाच्या टेबलावर वाजणार, ऑपरेटरचं कामच नाही. उरलेली दोन ऑपरेटरची. त्यातल्या एकाचा डबा मोठा, वर दिव्यांच्या रांगा, ज्याचा फोन त्याचा दिवा लागणार. दुसऱ्याचा डबा लहान, सुबक. फोन आला की तो चिमणीच्या पिलासारखा बारीक चिवचिवणार आणि डब्यावरच्या काचेच्या खिडकीत आकडा उमटणार.

दत्तरावला पहिला नमुना पसंत होता. "माणूस कशाला ठेवायचा? मशीन काय रजा मागत नाही," तो मीटिंगमध्ये म्हणाला. अप्पाला नुसतं वायरिंगचं सांगायला बोलावलं होतं. पण महादेवीची खुर्ची जाते आहे हे त्याला दिसलं. मनात कितीही अढी असो, ती खुर्ची म्हणजे तिचा जीव आहे हे त्याला ठाऊक होतं. उभ्या जन्मात पहिल्यांदा तो दहा माणसांना ऐकू जाईल असं बोलला.

"सायेब, चारठान्याच्या खेड्यातला मानूस फोन लावतो तवा त्याला आकडे ठावं नसत्यात. त्याला इचारावं लागतं, बाबा, तुझं काम काय, कुनाकडं देऊ. पेटी कसं इचारंल?"

दिनकररावांनी मान हलवली. "बरोबर आहे. ऑपरेटर राहील. दोन्हीतलं कोणतं ते अप्पा, तुम्हीच बघून सांगा. तुमच्या शब्दावर घेऊ."

अप्पा त्या दिवशी सायकलवरून तरंगतच घरी आला. तिला कसं सांगायचं हे त्यानं वाटेत घोळवून ठेवलं होतं. पण उंबरा ओलांडायच्या आधीच महादेवी समोर आली. हापिसातली बातमी तिला आधीच लागली होती.

"दिव्याचं घ्या," ती म्हणाली. "आवाजाचं नगं."

"कामून?"

ती तोवर वळून आत गेलेली. अप्पा दारात उभा राहिला. तुमी माझ्यासाठी बोललाव, बरं वाटलं, असा एखादा शब्द येईल म्हणून तो थांबला होता. आला तो हुकूम, आणि विचारलं तर उत्तरही नाही.

त्यानं आवाजाचं मशीन घेतलं. कारणं त्याच्यापाशी होती. दिव्याच्या मशीनचे बल्ब मुंबईहून मागवावे लागणार होते; परभणीत लाईट जाते तेव्हा बॅटरीनं तेवढे दिवे ओढले नसते; लहान डब्यात सरकीची धूळ कमी शिरते. सगळी खरी कारणं. पण त्यानं निवड कारणांवरून केली, असं कुणी म्हणत असेल तर म्हणो. राग होता. उगीच गुळमुळीत कशाला बोला.

मशीन आलं आणि अप्पाला दिवस पुरेना. धुळीपासून लांब म्हणून त्यानं ते रेकॉर्डच्या खोलीत भिंतीवर बसवलं, खाली बॅटऱ्या ठेवल्या, तिथून टेबलोटेबली नवी केबल ओढली आणि चिवचिवणारा डबा तेवढा महादेवीच्या टेबलावर ठेवला. तारा सोप्या होत्या, माणसं अवघड. चेअरमनचा नंबर वीस ठरल्यावर एकवीस कुणाचा यावरून अकाउंटंट आणि कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर यांच्यात बोलणं बंद झालं. शेवटी एकवीस नंबर पाहुण्यांच्या खोलीला देऊन दत्तरावनं मामला मिटवला. औरंगाबादचा इंजिनियर येऊन सेटिंग करून गेला. जुना बोर्ड गोडाऊनमध्ये बारदानाच्या ढिगामागं गेला.

सोमवारी आश्रुबानं नारळ फोडला, महादेवीनं डब्याला विभूती लावली आणि दिनकररावांनी केबिनमधून पहिला फोन केला. डबा चिवचिवला. महादेवी हात जुळवून लोकांकडं बघत बसली होती. डबा पुन्हा चिवचिवला. "बाई, फोन!" आश्रुबा ओरडला तशी ती दचकली आणि रिसीव्हर उचलला. सगळे हसले. नवं आहे, गोंधळली बाई, असं म्हणून पेढे वाटले.

दुपारी अप्पा तिच्या टेबलामागं शिडीवर चढून केबलची पट्टी ठोकत होता. खाली डबा चिवचिवत होता. महादेवी खिडकीतून लिंबाच्या झाडाकडं बघत होती. खिडकीच्या उजेडात डब्यावरचा आकडा दिसत नव्हता. डबा थांबला, पुन्हा सुरू झाला. तिची पाठ हलली नाही. घरी चुलीपुढं असते तीच ही पाठ, अप्पाच्या मनात आलं, आणि त्याचा हातोडा थांबला.

तो खाली उतरला. तिच्यामागं दोन हात अंतरावर उभा राहून नेहमीच्या आवाजात म्हणाला, "ऐकलं का?"

काही नाही.

"ऐकलं का?" या वेळी मोठ्यानं.

काही नाही. मग तो जन्मात ओरडला नव्हता एवढ्या जोरात ओरडला. दारातला आश्रुबा गर्रकन वळला, पलीकडचे कारकून माना वर करून बघायला लागले. महादेवी लिंबाच्या झाडाकडंच बघत होती. थोड्या वेळानं टेबलावर सावली दिसली म्हणून तिनं मागं पाहिलं. अप्पाचं तोंड पाहिलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"कायी न्हाई," अप्पा आश्रुबाला म्हणाला. "शिडीवरून पाय सरकला."

दिवेलागणीला घरी तो तिच्यासमोर पाटावर बसला. ती त्याच्या ओठांकडं बघत होती. इतकी वर्षं ती बोलणाऱ्याच्या तोंडाकडं अशी बघायची आणि लोकांना वाटायचं, बाई किती मन लावून ऐकते.

तीन-चार वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात, तिनं सांगितलं, लाईनीवर कुठंतरी वीज पडली आणि हेडफोनमध्ये तोफ उडाल्यासारखा आवाज झाला. दोन दिवस कानात शिट्टी वाजत होती. शिट्टी गेली ती बारीक आवाज सगळे घेऊनच गेली. पाखरं गेली, बांगड्या गेल्या, मागून बोललेलं गेलं. हेडफोनमध्ये, रिसीव्हरमध्ये आवाज मोठा आणि कानाला चिकटून यायचा, तेवढा कळायचा. उमानं पालमहून येऊन नांदेडच्या डॉक्टरला दाखवलं होतं. त्यानं औषध नाही म्हणून सांगितलं.

"पोरीला सांगितलंस. मला न्हाई?"

"तुमी हाक मारायचंच सोडलं," ती म्हणाली. "मला वाटलं, तुमाला कळलंय. भैरी बायको पदरात पडली म्हनून कटाळलाव."

अप्पाला रडू आलं. त्याला वाटत होतं ती आपल्याला मोजत नाही. तिला वाटत होतं यानं आपल्याला टाकलं. एका चुलीवरची भाकरी खाऊन दोघं तीन वर्षं हे गिळत होती. तो उठला आणि त्यानं तिच्या हातातला तांब्या घेऊन तिलाच पाणी दिलं. दुसरं काय करावं हे त्याला सुचेना.

"सायबाला सांगा," महादेवी म्हणाली. "म्हनावं, हिला बारीक आवाज येत न्हाई. आन् तुमी त्या आवाजाच्या तारेला एक बल्ब लावून द्या. तुमच्या हातचा मळ हाय."

बल्ब लावणं खरंच अवघड नव्हतं. पण बल्ब दिसला की लोक विचारणार, कशाला? ऑपरेटरबाई बहिरी! आख्ख्या जिल्ह्यात हसं होईल, दत्तरावला तर आयतंच कोलीत मिळेल. झाकली मूठ सव्वा लाखाची. अप्पानं मान हलवली. "नगं. कुनाला कळू द्यायचं न्हाई. मी बघतो."

"बघा मग," ती म्हणाली. ती तयार आहे असं अप्पा धरून चालला.

दुसऱ्या दिवसापासून 'सेटिंग चालू आहे' असं सांगून तो तिच्या टेबलाशेजारी स्टूल टाकून बसायला लागला. डबा चिवचिवला की तो टेबलाच्या पायाला पायानं धक्का द्यायचा, आणि तिनं टेबलावर ठेवलेल्या हाताला हादरा जाऊन ती रिसीव्हर उचलायची. युक्ती चालली. त्या दिवसांत दोघं जितकी शेजारी बसली तितकी लग्नातही बसली नसतील. दुपारी जेवणाच्या एकाच डब्यातून खायची, आणि अप्पा तिच्याकडं तोंड करून हळूहळू, शब्द सुटे करून बोलायचा. दोघं हसायचीसुद्धा. पण जिनमधली मोटार बिघडली की त्याला उठावंच लागायचं, आणि तो परत येईपर्यंत डबा एकटाच ओरडत राहायचा. तक्रारी सुरू झाल्या. औरंगाबादच्या इंजिनियरला दत्तरावनं दोनदा बोलावलं, पण विद्यापीठाच्या नामांतरावरून वातावरण तापलेलं, कधी या बाजूचा बंद, कधी त्या बाजूचा, एसटीच निघत नव्हती.

अशाच एका बंदच्या दिवशी दिनकरराव पालमला होते. रस्त्यावर दगडफेक चालू आहे, गाठींचे ट्रक सोडू नका, हे सांगायला त्यांनी तिथल्या पोस्टातून फोन लावला. अप्पा जिनमध्ये जळालेल्या मोटारीखाली आडवा होता. डबा वाजला, थांबला, वाजला. महादेवी समोरच बसली होती, हात टेबलावर ठेवून. ट्रक गेले. पहिल्या ट्रकची काच फुटली आणि ड्रायव्हरचं कपाळ उकललं. दगड कोणत्या बाजूचा होता हे काही त्यावर लिहिलेलं नसतं. माणूस टाके पडून वाचला, एवढंच.

दिनकरराव परत आले ते थेट केबिनमध्ये. दत्तराव, अप्पा आणि महादेवी समोर उभे.

"मी तासभर फोन लावत होतो. माझ्या ट्रकवरचा माणूस मेला असता. बाई जागेवर नव्हत्या का?"

"होत्या," दत्तराव म्हणाला. "मी स्वतः पाहिलं. बसलेल्या होत्या."

"मग मशीन वाजलं नाही का?"

महादेवी दिनकररावांच्या तोंडाकडं बघत होती. तिनं बोलायला ओठ उघडले. अप्पानं ते पाहिलं आणि तो घाईनं, मोठ्यानं म्हणाला, "मशीनचा फॉल्ट हाय, सायेब. बझर मधीमधी बंद पडतो. म्या लय दिवस झाले बघायलोय. बाईचा कसूर न्हाई."

तो पुढं सरकला तशी महादेवीची नजर त्याच्या तोंडावर गेली होती. तिनं ते ओठांवरून वाचलं. तिचे ओठ मिटले.

दिनकरराव खुर्चीत मागं टेकले. "बाईंचं काही असतं तर उपाय काढला असता. ताप असतो, अडचण असते, आपलंच माणूस आहे. मशीनच दगा देत असेल तर त्याला काय समजावायचं? परत पाठवा ते."

"आणि दिव्याचं?" अप्पानं विचारलं.

"नको. अप्पा, तुमच्या शब्दावर ऑपरेटरचं मशीन घेतलं आणि हे पाहिलं. दत्तराव सुरवातीपासून म्हणत होते तेच आणा. मध्ये माणूसच नको."

अप्पा अडकला. आता खरं सांगावं तर आधीचं खोटं उघडं पडतं, ड्रायव्हरच्या टाक्यांचा दोष सगळा तिच्यावर येतो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

पूर्ण ऑटोमॅटिक मशीन पुढच्या महिन्यात आलं. ते भिंतीवर बसवायलाही अप्पाच होता, दुसरं कोण? महादेवीचं टेबल आश्रुबानं उचलून कारकुनांच्या खोलीत नेलं. दिनकरराव तिला निरोपाची साडी-चोळी देऊन चार चांगले शब्द बोलले. ते ती त्यांच्या ओठांवरून वाचत होती आणि मान हलवत होती.

संध्याकाळी ती घरी पीठ चाळत बसली होती. अप्पा तिच्यासमोर येऊन बसला, तिनं वर बघेपर्यंत थांबला आणि शब्द सुटे करत म्हणाला, "मी तुझ्यासाठीच खोटं बोललो. खरं सांगितलं असतं तर गावानं तुला भैरी म्हनलं असतं."

"म्हनू द्यायचं व्हतं," महादेवी म्हणाली. "मला कुठं ऐकू येनार व्हतं?"